येताना शांतता घेऊन ये

फिनलंडमधल्या पहिल्या रात्री मी उपाशी झोपलो. घरात अन्न नव्हतं असं अजिबात नाही. टेबलावर उकडलेले बटाटे होते, लोणी होतं, काकडीचे काप होते, रायच्या पिठाचा काळाकुट्ट पाव होता आणि एका पातेल्यात मशरूमचा वाफाळता रस्सा होता. यजमानीणबाईंनी पातेलं माझ्याकडे सरकवून विचारलं, "घेणार?" मी सांगलीच्या संस्कारांना जागून म्हणालो, "नको."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पातेलं उचलून शेगडीवर ठेवून आल्या.

आता याला काय म्हणावं? आपल्याकडे पहिला 'नको' म्हणजे नकार नव्हेच, ती प्रस्तावना असते. दुसरा 'नको' म्हणजे 'वाढा, पण मी हावरट नाही याची नोंद घ्या.' तिसऱ्या वेळी ताटावर हात आडवा येतो, आणि तोही बोटं फाकवून, म्हणजे वाढणारीला फटीतून वाढता येतं. एवढे सगळे विधी पार पडल्यावर माणूस जेवतो आणि 'अहो, केवढं वाढलंत!' म्हणून सगळं संपवतो. इथे पहिल्याच 'नको'ला दुकान बंद. मी अर्धा तास आशेनं बसून राहिलो. तेवढ्यात सगळ्यांचं जेवण झालं, प्रत्येकानं आपापली थाळी धुतली आणि घर झोपलं. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं.

हा प्रकार घडला पंधराएक वर्षांपूर्वी. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या एका योजनेतून मी वयाच्या सोळाव्या वर्षी एका वर्षासाठी फिनलंडमधल्या कुओपिओ या गावी जाऊन पडलो. देवाणघेवाण म्हणजे राहायचं एका फिनिश कुटुंबात, शिकायचं तिथल्या शाळेत, आणि दोन्ही ठिकाणी आपल्या देशाची लाज राखायची. त्यातली पहिली दोन कामं मी केली.

आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात तेव्हा अकरा माणसं होती. त्यांपैकी दहा बोलत. अकरावे आजोबा. ते मुके होते असं नव्हे, त्यांना मध्ये शिरायला जागा मिळत नसे. त्यांनी "मी काय म्हणतो..." एवढं म्हणेपर्यंत आजी, काकू आणि माझी आई ते काय म्हणणार आहेत हे सांगून, त्यावर आपसात भांडून, पुढच्या विषयाला लागलेल्या असत. मी निघालो तेव्हा प्रत्येकानं यादी दिली. काकूला चॉकलेटं, काकाला 'तिकडची' बाटली (ही यादी तोंडी), आत्याला स्वेटर. आजोबांनी मला ओसरीच्या कोपऱ्यात घेतलं आणि हळूच म्हणाले, "तिकडं म्हणे फार शांतता असते. येताना थोडी घेऊन ये."

फिनिशमध्ये आईला 'आइती' म्हणतात. म्हणजे मला परदेशात अक्षरशः आयती आई मिळाली. वडिलांना 'इसा'. घरात तेरा वर्षांचा एक भाऊ होता आणि एक कुत्रा. या दोघांमध्ये कुत्रा बोलका. पहिल्या आठवड्यात माझी खात्रीच पटली की आपलं काहीतरी चुकलं आहे आणि घर आपल्यावर रुसलं आहे. आपल्याकडे घरात दहा मिनिटं कुणी बोललं नाही तर एक तर भांडण झालेलं असतं, नाही तर वीज गेलेली असते. इसा मला गाडीतून दोन तासांवरच्या गावी घेऊन गेला, परत घेऊन आला, आणि एकूण संभाषण झालं ते असं: जाताना तो म्हणाला, "तळं." येताना म्हणाला, "तेच तळं."

शेवटी मी आइतीला विचारलंच, "इसा माझ्यावर रागावलाय का?" ती चकित झाली. "छे! तू आल्यापासून तो किती बोलायला लागलाय!"

वर तिनं मला समजावून सांगितलं, की आपण ज्या सावो प्रांतात राहतो तिथले लोक देशात वाचाळ म्हणून बदनाम आहेत. सावोचा माणूस बोलू लागला की त्याचा अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर, अशी बाकीच्या फिनिश लोकांत म्हणच आहे. सरळ उत्तर न देणं, फिरकी घेणं आणि आपलं गाव हेच जग समजणं ही इथली वैशिष्ट्यं. कुओपिओच्या बाजारचौकाला स्थानिक बोलीत 'मुआलिमान नापा' म्हणतात. अर्थ विचारला तर कळलं, जगाची बेंबी. 'नापा'मध्ये मला आपली नाभी ऐकू आली आणि एकदम माणसं ओळखीची वाटायला लागली. आपल्या महाराष्ट्रातही असं एक शहर आहे, पण तिथे निदान बोलतात तरी.

तर या वाचाळांची भाषा शिकणं आलं. शाळेत मी विभक्तीच्या तक्त्याला घाबरायचो. 'स, ला, ते. स, ला, ना, ते' म्हणताना घसा कोरडा पडायचा. फिनिशमध्ये विभक्ती पंधरा. मराठीनं आठांवर भागवलं याबद्दल मी तेव्हा पहिल्यांदा तिचे आभार मानले. पण गंमत अशी, की माझ्या वर्गातल्या जर्मन आणि अमेरिकन पोरांना जे झेपेना ते मला कळायचं. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, 'तालोस्ता' म्हणजे घरातून. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावायचा, बस. अमेरिकन पोरगा विचारी, "पण मधला शब्द कुठं गेला?" मी म्हणायचो, "घरात."

लिंगाची भानगडच नाही. तो असो की ती, माणसाला एकच 'हॅन'. मी एकदा अभिमानानं आइतीला सांगितलं, आमच्याकडे टेबल ते असतं, खुर्ची ती असते आणि पलंग तो असतो. तिनं खुर्चीकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "हिला बाई कुणी ठरवली?" मला सांगता आलं नाही. त्या भाषेत भविष्यकाळही नाही. 'उद्या करतो' असं वर्तमानकाळातच म्हणतात, आणि उद्या करतात. आपल्याकडे भविष्यकाळ स्वतंत्र आहे, त्यामुळे कामं त्यात ठेवून देता येतात.

खरा घात केला तो ऱ्हस्व-दीर्घानं. मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली की अर्धा गुण जातो. फिनिशमध्ये जीव जातो. 'तापान' म्हणजे भेटतो. त्यातला दुसरा 'आ' लांबवायचा राहिला की होतं 'तापन', म्हणजे ठार मारतो. मला मुख्याध्यापकांची सही हवी होती. मी घरून वाक्य पाठ करून गेलो आणि सांगलीच्या घाईत त्यांना सांगितलं, "उद्या दहा वाजता मी तुम्हाला ठार मारतो."

त्यांनी वही उघडली, पाहिलं आणि म्हणाले, "दहाला मीटिंग आहे. अकरा चालेल?"

हसले नाहीत, दचकले नाहीत. आपल्याकडे तेवढ्यात शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळे जमले असते.

शिवाय काही शब्द मराठीच्या वेषात येऊन फसवायचे. एका संध्याकाळी आइती म्हणाली, "आज काला आहे." माझे डोळे भरून आले. पोहे, लाह्या, दही, हिरवी मिरची, लिंबाच्या लोणच्याची फोड, सगळं डोळ्यांपुढे आलं. ताटात आला तो मासा, डोळ्यांसकट. 'काला' म्हणजे मासा. 'काना' म्हणजे कोंबडी. 'किस्सा' म्हणजे मांजर. आणि 'आन्ना' म्हणजे 'दे'. आमच्या घरात वडिलांना अण्णा म्हणतात, त्यामुळे धाकटा भाऊ जेवताना "आन्ना!" म्हणून ओरडला की मी पाठ ताठ करून मागे बघायचो.

सगळ्यांत भयंकर म्हणजे तिथला होकार. 'यो' म्हणजे हो. पण कित्येक जण, विशेषतः बायका, तो श्वास आत ओढून म्हणतात. आइतीची आई, म्हणजे मुम्मो, पहिल्यांदा घरी आली. मी विचारलं, "कॉफी देऊ?" म्हातारीनं एकदम श्वास आत खेचला, "ह्योऽप्!" मी धावत जाऊन पाणी आणलं आणि तिची पाठ चोळायला लागलो. तिनं पाणी प्यायलं, पाठ चोळू दिली, आणि मग शांतपणे म्हणाली, "आता कॉफी."

कॉफी हा तिथला राष्ट्रीय द्रवपदार्थ आहे. माणशी वर्षाला दहा किलोंच्या आसपास कॉफी हे लोक रिचवतात, जगात जवळजवळ सगळ्यांत जास्त. आपल्याकडे इतकी कॉफी प्यायलेला माणूस छतावर चालला असता. हे लोक ती पिऊन आणखी गप्प होतात.

खाण्याचं गणित मला आधी घड्याळातच चुकलं. शाळेत दुपारचं जेवण सव्वाअकराला, घरी रात्रीचं जेवण पाचला. म्हणजे आमच्या घरी ज्या वेळेला 'जेवायला अजून अवकाश आहे, थोडं काहीतरी खा' म्हणतात त्या वेळेला यांचा दिवस मिटलेला. शाळेतलं जेवण मात्र सगळ्यांना फुकट. श्रीमंताचा असो, गरिबाचा असो, १९४८ पासून या देशात प्रत्येक पोराला शाळेत गरम जेवण मिळतं. दुसऱ्या महायुद्धानंतर खायची ददात असताना त्यांनी हे सुरू केलं याचं मला फार कौतुक वाटलं. रांगेत थाळी घेऊन उभं राहायचं, हवं तेवढं आपणच घ्यायचं. 'नको'चा प्रश्नच नाही. पहिल्या महिन्यात मी जगलो तो त्या रांगेवर.

पण साल्मियाक्कीला मी कधीच माफ करणार नाही. वर्गातल्या एका मुलीनं माझ्यापुढे काळ्या गोळ्यांची डबी धरली. मी आता शहाणा झालो होतो. पहिल्याच फटक्याला "हो" म्हणालो आणि दोन तोंडात टाकल्या. क्षणभर काही कळेना. मग जिभेवर खारट, कडू आणि झिणझिण्या आणणारं असं काही उसळलं की डोळ्यांतून पाणी. ज्येष्ठमधात अमोनियम क्लोराइड घालून ती गोळी करतात हे नंतर कळलं. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर! आमच्या लहानपणी कल्हईवाला भाता लावून, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट टाकून पांढऱ्या धुराचा लोट काढायचा, तोच हा. आमच्याकडे त्यानं भांडी उजळतात. हे लोक आतून उजळतात. मी सूड म्हणून सांगलीहून आणलेलं भडंग वर्गात वाटलं. लसणीचं, झणझणीत. सगळे लालबुंद झाले, घाम फुटला, कुणी काही बोललं नाही. पुढच्या तासाला एकेक जण येऊन हळूच विचारून गेला, "अजून आहे?"

एका बाबतीत मात्र मी फिनलंडचा आजन्म ऋणी आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या मनात एक प्रश्न असतो, जो तो व्हिसाच्या मुलाखतीत विचारू शकत नाही. मी तर सामानात एक प्लॅस्टिकचा तांब्या लपवून नेला होता. घरी पोचल्यावर त्या दालनात धडधडत्या छातीनं शिरलो, आणि पाहतो तो काय, बसायच्या जागेशेजारी, हाताला येईल अशी, छोटी पाण्याची तोटी! फिनलंडमध्ये ती घरोघरी असते. मी तिथेच डोळे मिटून त्या देशाच्या घटनाकारांना नमस्कार केला. घरी फोन लागल्यावर आईनं विचारलं, "कसं आहे रे सगळं?" मी म्हणालो, "सुसंस्कृत लोक आहेत."

आई मात्र भाळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. संगणकावरच्या कॉलमध्ये मी तिला घर फिरवून दाखवत होतो. खिडकीतून तळं दाखवलं, "हं" म्हणाली. बर्चची झाडं दाखवली, "हं." स्वयंपाकघरात बेसिनवरचं कपाट उघडलं आणि ती ओरडली, "थांब!" त्या कपाटाला तळ नव्हता. तारांच्या जाळ्या होत्या. धुतलेली ताटं तशीच ओली आत उभी करायची, दार लावायचं, पाणी खाली बेसिनमध्ये ठिबकतं. ना फडकं, ना पुसणं, ना ओट्यावर टोपली पालथी घालणं. मायु गेभार्ड नावाच्या बाईंनी १९४० च्या दशकात हे कपाट तिथे घरोघरी पोचेल असं घडवलं. घरातल्या बायकांचा आयुष्यातला किती वेळ नुसता भांडी पुसण्यात जातो, हे त्यांच्या डोक्यात होतं. आईनं काकूला बोलावलं, काकूनं शेजारच्या वहिनींना. त्या दिवशी तिघींनी वीस मिनिटं ते कपाट पाहिलं. पुढे मी मोठ्या हौसेनं उत्तरेच्या आकाशातला हिरवा प्रकाश फोटो काढून पाठवला, तेव्हा उत्तर आलं, "छान. कपाटाची मापं पाठव."

नोव्हेंबर आला आणि अंधार पडला. पडला तो उठेचना. फिनिशमध्ये नोव्हेंबरला 'मार्रासकू' म्हणतात. त्यातला 'मार्रास' हा शब्द फार पूर्वी आपल्या बाजूच्या, इंडो-इराणी भाषांकडून तिकडे गेलेला. आपला 'मृत' तोच. तसाच त्यांचा 'साता' म्हणजे शंभर, आपलं 'शत'. हजारो वर्षांपूर्वी आपल्या भाषेच्या कुणा नातेवाइकानं या लोकांना दोनच उपयोगी गोष्टी शिकवल्या असाव्यात असं मला वाटलं, हिशेब आणि मर्तिक. डिसेंबरात दिवस पाच तासांहूनही लहान झाला. सकाळी अंधारात शाळेत जायचं, दुपारी अंधारात परत यायचं. रस्त्यावर चालताना कोटाला चकाकणारा बिल्ला लटकवायचा असा तिथे कायदाच आहे, म्हणजे मोटारीच्या दिव्यात माणूस दिसतो. मला आमच्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीची आठवण आली. तिला मागे बिल्ला नसतो, दिवा नसतो, आणि ती अंधारात कळते ती धडकल्यावरच.

त्या अंधारात आजीचा रोज एकच प्रश्न. "कान बांधलेस का?" आमच्या घरी सतराला पारा उतरला की कानटोप्या बाहेर येतात. एकदा फोन चालू असताना शेजारणीनं अंगणात बाबागाडी आणून ठेवली. उणे आठ. आत तिचं तान्हं बाळ, दुलईत गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर, आणि गाढ झोपलेलं. ही तिथली रीतच. मोकळ्या हवेत मूल छान झोपतं म्हणतात. मी भाबडेपणानं कॅमेरा तिकडे वळवला. पडद्यावर आजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अरे, उचल त्याला! उचल! आई कुठंय त्याची मेली?" आई आत कॉफी पीत होती. पुढचे चार महिने आजी माझी चौकशी सोडून त्या बाळाची करत होती. ते बाळ एकदाही शिंकलं नाही, याचाही तिला राग होता.

आणि मग सौना. साधारण ५५ लाख लोकसंख्येच्या देशात सौना आहेत तीसेक लाख. म्हणजे सगळा देश एकाच वेळी आत बसला तरी एकेका सौनात दोन माणसंसुद्धा होणार नाहीत. २०२० साली युनेस्कोनं या संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. मला मात्र तो वारसा आधी संकट वाटला, कारण शनिवारी इसा टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "चल," आणि मला कळलं की आत काहीच घालून जायचं नसतं. मी सांगलीचा मुलगा. आमच्याकडे पुरुष पंचा गुंडाळून, त्यातल्या त्यात दार लावून, वर गाणं म्हणत आंघोळ करतात, म्हणजे चुकून कुणी येऊ नये. मी बनियन, चड्डी आणि त्यावर टॉवेल अशा तिहेरी तटबंदीनं आत गेलो. इसानं पाहिलं. बोलला नाही. गरम दगडांवर एक पळीभर पाणी टाकलं. दहा मिनिटांत तटबंदी एकेक करून पडली.

त्या पाण्याची जी वाफ उठते तिला 'लोयलू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ प्राण. ऐंशी अंशांच्या काळोखात ती वाफ पाठीवर आली की तो अर्थ लगेच कळतो, कारण आपला प्राण निघालेला असतो. मग इसानं बर्चच्या पानांची जुडी भिजवली आणि माझ्या पाठीवर सपासप मारायला सुरुवात केली. आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे उटणं लावतात आणि अंगात आलेल्याला झाडपाल्यानं झोडतात. हे दोन्ही विधी फिनिश लोकांनी एकत्र केले आहेत. त्या जुडीला आम्ही सावोतले लोक 'वास्ता' म्हणतो आणि पश्चिमेकडचे 'विहता', आणि यावरून तो शांत देश आपसात भांडतो. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

पण सौनातली खरी गोष्ट वेगळीच होती. इसा तिथे बोलायचा. बाहेर महिनाभरात बोलणार नाही इतकं अर्ध्या तासात. काळोखात, समोर न बघता, मधे मधे पाणी टाकत. त्याचे वडील कसे होते, त्याला लाकूडकामच का आवडलं, मुलगा मोठा होतोय तर त्याच्याशी काय बोलावं हे त्याला कसं कळत नाही. एकदा त्यानं विचारलं, "तुझे वडील तुझ्याशी काय बोलतात?" मी मनात मोजलं. मार्क किती पडले. पैसे आहेत का. आईला फोन दे. आमचं घर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत बोलत असतं. आणि अण्णा माझ्याशी सोळा वर्षांत तीन वाक्यं बोलले होते. मी म्हणालो, "बरंच बोलतात." इसानं पळीभर पाणी टाकलं. वाफ आली, त्यामुळे माझा चेहरा दिसला नसावा.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे महाराष्ट्र दिन. तिथे 'वाप्पू'. त्या दिवशी तो देश वर्षाचं सगळं बोलणं एकदम उरकतो. शालान्त परीक्षा पास झालेला प्रत्येक जण, मग तो वीस वर्षांचा असो वा ऐंशीचा, डोक्यावर पांढरी टोपी घालून रस्त्यात येतो. मुम्मो तिच्या तरुणपणची पिवळी पडलेली टोपी घालून आली. सगळा चौक पांढऱ्या टोप्यांनी भरलेला, हातात जिलबीच्या गुंत्यासारखा तळलेला, पिठीसाखर भुरभुरलेला पदार्थ, लोक अनोळखी माणसाला हसून शुभेच्छा देतायत. मला क्षणभर आमदारांच्या सभेला आल्यासारखं वाटलं. दोन मे रोजी सकाळी बस थांब्यावर तेच लोक पुन्हा गप्प उभे. मुम्मोला विचारलं, "काल मजा आली?" तिनं श्वास आत ओढला. मी पाणी आणलं नाही.

निघायची वेळ आली. माझी बॅग तेवीस किलोंची. चॉकलेटं, स्वेटर, आईला भांड्यांच्या कपाटाची कागदावर काढलेली आकृती, मापांसकट. आणि शनिवारी घर भरून टाकणाऱ्या 'पुल्ला'चा एक डबा. हा त्यांचा गोड पाव, आणि त्यात काय असतं? वेलदोडा! कुटलेला, भरपूर. इतक्या उत्तरेला, तळ्याकाठच्या त्या लाकडी घरात, श्रीखंडाचा वास यायचा. सगळं बॅगेत बसलं. आजोबांनी सांगितलेली वस्तू तेवढी कशात भरावी ते कळेना. विमानतळावर इसानं माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरला, आणि म्हणाला, "तर मग." ओठ पुन्हा हलले, पण आवाज आला नाही. आइती रडली. मला वाटतं आम्ही तिघंही बरंच बोललो.

सांगलीला मी आजोबांना म्हणालो, "शांतता नाही आणता आली." ते म्हणाले, "चालायचंच." एवढ्यात काकूनं विषय बदलला.

दोन वर्षांनी जानेवारीत आइती आणि इसा सांगलीला आले. सकाळी आमचं घर स्वेटर घालून अंगणात, आणि इसा अर्ध्या चड्डीत उन्हाखाली डोळे मिटून बसलेला. आजीनं त्यालाही कानटोपी दिली. त्यानं ती मुकाट घातली. खरी लढाई दुपारी पाटावर झाली. पुरणपोळीचा बेत. पहिल्या पोळीनंतर इसा नम्रपणे म्हणाला, "एय." फिनिशमध्ये 'एय' म्हणजे 'नाही'. आजीला वाटलं हाक मारतोय. ती पोळी घेऊन धावली. "एय, एय!" इसा म्हणाला. "आले रे बाबा, आले," म्हणत आजीनं आणखी एक वाढली. मी दोघांच्या मध्ये पडून समजावू लागलो, तर इसानं माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच आडवा हात ताटावर धरला. बोटं फाकवून. त्या फटीतून तुपाची धार गेली. मला कळलं, माणूस शिकला.

पण चौथ्या दिवशी संध्याकाळी दोघंही दिसेनात, इसा आणि आजोबा. घरभर शोधाशोध. काकू म्हणाली, "अगं बाई, त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, बोलत काय असतील?" मला दुभाषा म्हणून पिटाळलं. कृष्णेच्या घाटावर सापडले. शेवटच्या पायरीवर दोघं शेजारी, मधे एक हात अंतर. आयर्विन पुलावरून गाड्या जात होत्या, त्याचा आवाज लांबून येत होता. आजोबा म्हणाले, "पाणी कमी झालंय." इसानं श्वास आत ओढून "यो" म्हटलं. मग पुन्हा कुणी काही बोललं नाही. खंड्या पाण्यात सूर मारून वर आला. दोघांनी एकदमच मान वळवून पाहिलं. मी मागच्या पायरीवर बसलो. दिवेलागण झाली तशी दोघं उठले.

परत येताना इसा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "तुझे आजोबा छान बोलतात. सावोचे वाटतात."

मी ते आजोबांना सांगितलं. ते हसले. दारापाशी आले तेव्हा आतून आजी, काकू आणि आई एकदमच बोलत असल्याचा आवाज येत होता. आजोबा उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगितलेली वस्तू आणलीस हो. उशीर झाला, पण माल अस्सल आहे."